बाद फेरीतील हॉकी : प्रशिक्षकाचे निर्णय आणि झाशीचे दाखले

उत्तर प्रदेशातील झाशी हे शहर १८५७ च्या संग्रामाइतकेच हॉकीसाठीही ओळखले जाते. मेजर ध्यानचंद यांची ही कर्मभूमी. त्यांचे पुत्र अशोककुमार याच शहरात वाढले आणि १९७५ मध्ये त्यांच्या गोलमुळे भारताला विश्वचषक मिळाला. भारतीय संघाचे माजी आघाडीचे खेळाडू तुषार खांडेकर हेही मूळचे झाशीचेच. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताच्या कनिष्ठ महिला संघाने २०२४ मध्ये आशिया चषक राखला.

या तिन्ही पिढ्यांच्या मोठ्या विजयांत एक समान धागा आढळतो. अंतिम यशापूर्वी संघाला पराभव पत्करावा लागला होता आणि त्यानंतर संघाच्या सूत्रधारांनी घेतलेल्या निर्णयांनी स्पर्धेचे चित्र पालटले. हॉकीच्या बाद फेरीत प्रशिक्षकाचा निर्णय किती मोलाचा ठरतो, हे या उदाहरणांवरून स्पष्ट होते.

एकाच सामन्याची कसोटी

काही खेळांत बाद फेरीचा निकाल तीन, पाच किंवा सात सामन्यांच्या मालिकेवर ठरतो. पहिला सामना गमावल्यास दुसऱ्या सामन्यासाठी डावपेच बदलण्याची संधी प्रशिक्षकाला मिळते. मैदानी हॉकीच्या ऑलिम्पिक आणि विश्वचषक स्पर्धांत तशी सोय नसते. उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम या प्रत्येक फेरीत एकच सामना होतो. पराभूत संघाचे विजेतेपदाचे स्वप्न त्याच दिवशी संपुष्टात येते.

त्यामुळे हॉकीच्या प्रशिक्षकाला चुका सुधारण्याची संधी बाद फेरीपूर्वीच साधावी लागते. सराव सामने आणि साखळी सामने हेच त्याचे निरीक्षणाचे क्षेत्र असते. कोणता खेळाडू दडपणाखाली डगमगतो, कोणती जोडी परस्परांना समजून घेते, प्रतिस्पर्धी संघ कोणत्या बाजूने चढाई करतो, या बाबींची नोंद तेथे होते. बाद फेरीत तिचा उपयोग करावयाचा असतो.

प्रशिक्षकाचे निर्णय स्थूलमानाने चार प्रकारचे असतात. पहिला संघनिवडीचा, दुसरा प्रत्येक खेळाडूच्या जागेचा व जबाबदारीचा, तिसरा सामन्यादरम्यान खेळाडू बदलण्याचा आणि चौथा सामना बरोबरीत सुटल्यास शूटआऊटसाठी खेळाडू निवडण्याचा. यांपैकी पहिल्या निर्णयाचे महत्त्व झाशीच्या ध्यानचंद यांनी १९३६ मध्येच जगाला दाखवून दिले होते.

कर्णधार हाच प्रशिक्षक

ध्यानचंद यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०५ रोजी अलाहाबाद येथे झाला. वडील लष्करात होते आणि पुढे हे कुटुंब झाशीत स्थायिक झाले. १९२२ मध्ये ध्यानचंद स्वतः लष्करात दाखल झाले. तेथे सुभेदार-मेजर तिवारी यांनी त्यांना हॉकीचे प्राथमिक धडे दिले. लष्करी छावणीतील एखादा अनुभवी अधिकारी नव्या मुलांना खेळ शिकवीत असे, एवढेच त्या काळातील प्रशिक्षणाचे स्वरूप होते. राष्ट्रीय संघाबरोबर आजच्या अर्थाने प्रशिक्षक नसे. व्यवस्थापक आणि कर्णधार हेच विचारविनिमयाने निर्णय घेत.

झाशी हीरोज या स्थानिक संघाने १९३३ मध्ये कोलकात्याची प्रतिष्ठेची बेटन चषक स्पर्धा जिंकली, तेव्हाही सूत्रे ध्यानचंद यांच्याकडेच होती. अंतिम सामन्यात समोर कलकत्ता कस्टम्सचा नामांकित संघ होता. झाशीच्या संघात ध्यानचंद, त्यांचे बंधू रूपसिंग आणि मुंबईच्या जीआयपी रेल्वेकडून खेळणारे इस्माईल यांच्याखेरीज फारसे नावाजलेले खेळाडू नव्हते. कस्टम्सचा संघ जोरदार चढाया करीत असताना ध्यानचंद यांनी मैदानाच्या मध्यातून इस्माईल यांच्याकडे लांब पल्ल्याचा पास दिला. इस्माईल यांनी अर्धे मैदान धावत पार करून सामन्यातील एकमेव गोल केला. आपल्या आत्मचरित्रात ध्यानचंद यांनी या सामन्याचा विशेष गौरवाने उल्लेख केला आहे. प्रतिस्पर्धी संघ संपूर्ण शक्तीनिशी पुढे आला की त्याच्या मागे मोकळी जागा राहते, हे तत्त्व आजही प्रतिचढाईच्या डावपेचांचा पाया मानले जाते.

बर्लिन १९३६ : पराभवानंतरची तार

१९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकसाठी भारतीय संघाचे नेतृत्व ध्यानचंद यांच्याकडे सोपविण्यात आले. जर्मनीत पोहोचल्यावर जुलैमध्ये झालेल्या सराव सामन्यात यजमान जर्मनीने भारतास ४-१ असे पराभूत केले. १९२८ आणि १९३२ ची सुवर्णपदके जिंकणाऱ्या संघाला हा मोठा धक्का होता. तो सराव सामना असल्याने अधिकृत नोंदीवर त्याचा परिणाम होणार नव्हता. प्रवासाचा शीण किंवा परक्या मैदानाचे कारण पुढे करून तो विसरणेही शक्य होते.

संघाच्या सूत्रधारांनी मात्र त्या पराभवाकडे गांभीर्याने पाहिले. आघाडीच्या फळीत उजवीकडील आतल्या जागेवर समर्थ खेळाडूची उणीव असल्याचे त्यांच्या लक्षात आले. अली इक्तिदार शाह दारा हे त्या जागेचे कुशल खेळाडू होते. परंतु ते संघासोबत येऊ शकले नव्हते. त्यांना तातडीने पाठविण्यात यावे, असा संदेश मायदेशी धाडण्यात आला. दारा विमानाने जर्मनीत आले आणि उपांत्य सामन्यापूर्वी संघात दाखल झाले.

तोपर्यंत भारताने साखळीत हंगेरीवर ४-०, अमेरिकेवर ७-० आणि जपानवर ९-० असे विजय मिळविले होते. जिंकत असलेल्या संघात बदल करू नये, असा एक समज खेळाच्या जगात रूढ आहे. भारतीय संघाने तो बाजूला ठेवला आणि उपांत्य सामन्यात दारा यांना स्थान दिले. फ्रान्सचा १०-० असा पराभव झाला.

१५ ऑगस्ट १९३६ रोजी अंतिम सामन्यात पुन्हा जर्मनीशीच गाठ पडली. पावसामुळे सामना एक दिवस पुढे ढकलण्यात आला होता व मैदान ओलसर होते. मध्यंतरापर्यंत भारताकडे केवळ एका गोलची आघाडी होती. मध्यंतरानंतर ध्यानचंद यांनी टोकदार खिळ्यांचे बूट बाजूला ठेवले आणि खेळाची गती वाढविली. भारताने हा सामना ८-१ असा जिंकला. ध्यानचंद यांच्याप्रमाणेच दारा यांचेही नाव गोल करणाऱ्यांत होते. संपूर्ण स्पर्धेत भारताने ३८ गोल केले आणि केवळ एक गोल स्वीकारला.

सराव सामन्यात ४-१ ने जिंकणारा संघ महिनाभरात ८-१ ने हरतो, याचे श्रेय एका खेळाडूच्या समावेशाला देणे योग्य ठरणार नाही. तथापि, कोणती जागा दुबळी आहे याचे अचूक निदान आणि विजयाच्या मालिकेतही ते निदान न विसरणे, या दोन गोष्टी त्या निर्णयामागे होत्या. फाळणीनंतर याच दारा यांनी १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये पाकिस्तानच्या संघाचे नेतृत्व केले.

क्वालालंपूर १९७५ : अखेरच्या मिनिटांतील बदल

ध्यानचंद निवृत्तीनंतर पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेत हॉकीचे मुख्य प्रशिक्षक झाले. प्रशिक्षण हा आता स्वतंत्र व्यवसाय होऊ लागला होता. त्यांचे पुत्र अशोककुमार यांची कारकीर्द याच बदलत्या काळात घडली.

१९७३ मध्ये नेदरलँड्समधील ॲमस्टेलवीन येथे झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताने यजमान संघाविरुद्ध २-० अशी आघाडी घेतली होती. ती टिकली नाही. सामना २-२ असा बरोबरीत सुटला, जादा वेळेत मिळालेला पेनल्टी स्ट्रोक वाया गेला आणि टायब्रेकरमध्ये विश्वचषक हातचा निसटला. अशोककुमार त्या संघात होते.

पुढील विश्वचषकाच्या तयारीसाठी चंदीगडच्या पंजाब विद्यापीठाच्या परिसरात दीर्घ शिबिर घेण्यात आले. तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकांचे मानकरी बलबीरसिंग सीनियर यांच्याकडे व्यवस्थापनाची, तर गुरुचरणसिंग बोधी यांच्याकडे प्रशिक्षणाची जबाबदारी होती. अजितपालसिंग कर्णधार होते.

मार्च १९७५ मध्ये मलेशियातील क्वालालंपूर येथे झालेल्या या स्पर्धेत भारताची वाटचाल सुरळीत नव्हती. साखळीत ऑस्ट्रेलियाशी १-१ अशी बरोबरी झाली, तर अर्जेंटिनाकडून १-२ असा अनपेक्षित पराभव स्वीकारावा लागला. पश्चिम जर्मनीवर ३-१ अशी मात केल्यानंतरच उपांत्य फेरीचा मार्ग मोकळा झाला.

उपांत्य सामन्यात यजमान मलेशियाने आघाडी घेतली. शिवाजी पवार यांनी बरोबरी साधून दिली. मात्र मलेशियाने पुन्हा २-१ असे वर्चस्व मिळविले. त्या काळी सामना ७० मिनिटांचा असे. शेवटची काही मिनिटे उरली असताना भारतीय व्यवस्थापनाने अनुभवी बचावपटू मायकेल किंडो यांना परत बोलावून अस्लम शेरखान यांना मैदानात उतरविले. राखीव खेळाडूंत बसून असलेल्या अस्लम यांच्यावर पेनल्टी कॉर्नरचा फटका मारण्याची जबाबदारी टाकण्यात आली. ६५ व्या मिनिटाला त्यांनी पेनल्टी कॉर्नरवर गोल करून बरोबरी साधली. जादा वेळेत हरचरणसिंग यांनी विजयी गोल केला आणि भारत ३-२ असा जिंकला.

या निर्णयातील धोका उघड होता. पिछाडीवर असताना बचावफळीतील अनुभवी खेळाडू बाहेर काढणे आणि सामन्यात अद्याप चेंडूला स्पर्शही न केलेल्या खेळाडूवर सर्व भिस्त ठेवणे, असा तो प्रकार होता. अस्लम यांचा फटका हुकला असता तर किंडो यांना बाहेर काढल्याबद्दल व्यवस्थापनास जाब द्यावा लागला असता. अशा वेळी खेळाडूच्या भावनांपेक्षा सामन्याची निकड प्रशिक्षकाला आधी पाहावी लागते. पेनल्टी कॉर्नर वारंवार मिळत असूनही त्यांवर गोल होत नसेल तर फटका मारणारा बदलणे, हा त्या परिस्थितीतील सरळ विचार होता. तो अमलात आणण्यासाठी मात्र धैर्य आवश्यक होते.

१५ मार्च १९७५ रोजी पाकिस्तानविरुद्धच्या अंतिम सामन्यातही भारत प्रथम पिछाडीवर पडला. सुरजितसिंग यांनी पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी साधली. त्यानंतर अशोककुमार यांनी मारलेला चेंडू गोलच्या खांबाला लागून परतला. पाकिस्तानच्या खेळाडूंनी हरकत घेतली. परंतु पंचांनी गोल ग्राह्य धरला आणि भारताने २-१ असा विजय मिळवून प्रथमच विश्वचषक जिंकला. पुरुषांच्या हॉकी विश्वचषकातील भारताचे हे आजवरचे एकमेव विजेतेपद आहे.

उपांत्य सामना वाचविणारे अस्लम शेरखान आणि अंतिम सामना जिंकून देणारे अशोककुमार यांचे नाते बर्लिनपर्यंत पोहोचते. अस्लम यांचे वडील अहमद शेरखान हे ध्यानचंद यांच्या १९३६ च्या संघातील खेळाडू होते.

निर्णयांच्या मर्यादा

विश्वविजेतेपदानंतर जेमतेम सव्वा वर्षात, १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये भारत सातव्या स्थानावर घसरला. अशोककुमार या संघातही होते. ऑलिम्पिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली. या पृष्ठभागावर चेंडू वेगाने व सरळ जातो. गवताच्या मैदानावर चेंडू काठीजवळ खेळवत पुढे नेण्याची भारतीय शैली येथे अपुरी ठरली. धावण्याची क्षमता, जोरकस फटके आणि लांब पास यांना अधिक महत्त्व आले.

भारतात अशी मैदाने त्या वेळी उपलब्ध नव्हती. ज्या पृष्ठभागावर सरावच झालेला नाही, त्यावर ऐन सामन्यातील बदल फारसे परिणामकारक ठरू शकत नाहीत. प्रशिक्षकाचा निर्णय सामना फिरवू शकतो, तो संघाकडे ते बदल पेलण्याची तयारी असेल तरच, हा धडा माँट्रियलने दिला.

नियम बदलले, प्रशिक्षकाचे काम वाढले

ध्यानचंद यांच्या काळात सामन्यादरम्यान खेळाडू बदलण्याची मुभा नव्हती. १९७५ मध्ये मोजकेच बदल करता येत. १९९२ पासून मात्र अमर्याद बदलांचा नियम लागू झाला. बाहेर आलेला खेळाडू पुन्हा मैदानात जाऊ शकतो. खेळाडूंना काही मिनिटे पूर्ण वेगाने खेळवून विश्रांती देणे आणि पुन्हा उतरविणे, हे वेळापत्रक आता प्रशिक्षकाला आखावे लागते.

एक अपवाद महत्त्वाचा आहे. पेनल्टी कॉर्नर मिळाल्यापासून तो पूर्ण होईपर्यंत खेळाडू बदलता येत नाही. त्यामुळे पेनल्टी कॉर्नरचा तज्ज्ञ केव्हा मैदानावर असावा, याचा अंदाज आधीच बांधावा लागतो. तो विश्रांतीसाठी बाहेर असताना पेनल्टी कॉर्नर मिळाला तर उत्तम संधी दुय्यम खेळाडूच्या हाती जाते.

१९९० च्या दशकात ऑफसाइडचा नियम रद्द झाल्याने आघाडीच्या खेळाडूंना प्रतिस्पर्ध्याच्या गोलजवळ थांबणे शक्य झाले. २०१४ नंतर ३५ मिनिटांच्या दोन सत्रांऐवजी १५ मिनिटांच्या चार सत्रांची पद्धत आंतरराष्ट्रीय सामन्यांत रूढ झाली. खेळाडूंशी बोलण्याची प्रशिक्षकाची संधी त्यामुळे एकावरून तीनवर गेली. पिछाडीवरील संघ अखेरच्या मिनिटांत गोलरक्षकाला बाहेर बोलावून त्याऐवजी आणखी एक मैदानी खेळाडू उतरवितो, हेही आता नित्याचे झाले आहे. बरोबरी साधण्याची शक्यता वाढते. त्याच वेळी रिकाम्या गोलमध्ये आणखी एक गोल होण्याचा धोका पत्करावा लागतो.

शिस्तभंगाच्या कार्डांमुळेही आखलेली योजना कोलमडू शकते. हिरव्या कार्डाने दोन मिनिटे, पिवळ्या कार्डाने किमान पाच मिनिटे आणि लाल कार्डाने उर्वरित सामन्यासाठी खेळाडूला बाहेर बसावे लागते. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधील ग्रेट ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात १७ व्या मिनिटाला बचावपटू अमित रोहिदास यांना लाल कार्ड मिळाले. प्रशिक्षक क्रेग फुल्टन यांच्या संघाला ४० मिनिटांहून अधिक काळ दहा खेळाडूंनिशी खेळावे लागले. बचावाला प्राधान्य देत भारताने १-१ अशी बरोबरी राखली आणि गोलरक्षक पी. आर. श्रीजेश यांच्या कामगिरीच्या बळावर शूटआऊट ४-२ असा जिंकला. निलंबित रोहिदास यांच्याविना खेळलेला उपांत्य सामना जर्मनीने ३-२ असा जिंकला; त्यानंतर भारताने स्पेनला २-१ असे हरवून कांस्यपदक मिळविले.

मस्कत २०२४ : झाशीचे प्रशिक्षक

पेशवाईच्या काळात झाशी हा मराठ्यांच्या सत्तेचा भाग होता आणि नेवाळकर घराण्याकडे तेथील कारभार होता. त्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली. खांडेकर हे आडनाव त्यामुळे झाशीत अपरिचित नाही. तुषार खांडेकर यांचा जन्म १९८५ चा. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते भारताकडून खेळले. पुढे ते प्रशिक्षणाकडे वळले.

डिसेंबर २०२४ मध्ये ओमानची राजधानी मस्कत येथे कनिष्ठ महिलांची आशिया चषक स्पर्धा झाली. गतविजेत्या भारतीय संघाची सूत्रे खांडेकर यांच्याकडे होती. साखळीत भारताने बांगलादेश, मलेशिया आणि थायलंड यांच्यावर मोठे विजय मिळविले; परंतु चीनविरुद्ध १-२ असा पराभव झाला. उपांत्य सामन्यात जपानला ३-१ असे हरविल्यानंतर अंतिम सामन्यात पुन्हा चीनच समोर आला.

१५ डिसेंबर रोजी झालेल्या या सामन्यात ३० व्या मिनिटाला चीनने पेनल्टी स्ट्रोकवर आघाडी घेतली. ४१ व्या मिनिटाला कनिका सिवाच हिने बरोबरी साधली. निर्धारित वेळ १-१ अशा स्थितीत संपली आणि निकाल शूटआऊटवर गेला.

शूटआऊटमध्ये प्रत्येक संघाचे पाच खेळाडू पाळीपाळीने गोलरक्षकाला सामोरे जातात. २३ मीटरच्या रेषेपासून चेंडू घेऊन आठ सेकंदांत गोल करावा लागतो. कोणते पाच खेळाडू निवडावयाचे, त्यांचा क्रम कोणता ठेवावयाचा आणि गोलमध्ये कोणाला उभे करावयाचे, हे निर्णय संघाच्या मार्गदर्शकांना काही मिनिटांत घ्यावे लागतात. पाय थकलेले असतात आणि वय कोवळे असते. त्यामुळे सरावातील सातत्य पाहूनच ही निवड करणे श्रेयस्कर मानले जाते. भारताची गोलरक्षक निधी हिने चीनचे तीन प्रयत्न निष्फळ ठरविले आणि भारताने शूटआऊट ३-२ असा जिंकून चषक राखला.

पराभवातून निर्णय

बर्लिन, क्वालालंपूर आणि मस्कत या तीन विजयांत ८८ वर्षांचे अंतर आहे. मैदान गवताचे होते, ते कृत्रिम झाले. कर्णधाराच्या जागी पूर्णवेळ प्रशिक्षक आला. बदली खेळाडूचा प्रश्नच नव्हता, तेथे अमर्याद बदल सुरू झाले. तरीही तिन्ही वेळी बाद फेरीपूर्वीच्या पराभवाने संघाला त्याच्या उणिवा दाखविल्या आणि स्पर्धा संपण्यापूर्वी संघ सावरला. पहिल्या व तिसऱ्या वेळी ज्या संघाने हरविले, त्याच संघाला अंतिम सामन्यात पराभूत करण्यात आले.

प्रशिक्षकाच्या निर्णयाचे मूल्यमापन बहुधा निकालावरून होते. निर्णय यशस्वी झाला तर दूरदृष्टी आणि फसला तर हटवाद, असे म्हटले जाते. वास्तविक निर्णय घेताना त्याच्यापुढे निकाल नसतो. पूर्वीच्या सामन्यांतील निरीक्षण तेवढे असते. दारा यांना बोलावताना आणि अस्लम शेरखान यांना उतरविताना त्या त्या वेळच्या सूत्रधारांकडे याहून अधिक काही नव्हते.

ध्यानचंद यांचे ३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीत निधन झाले. त्यांच्यावर झाशीत, हीरोज मैदानावर अंत्यसंस्कार करण्यात आले. २९ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस देशभर राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून साजरा केला जातो.